मुकादमाचा पहिला पाय

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. वॉर्डातले शिपाई माझ्या माघारी मला फटाकडी म्हणत आणि समोर आले की मॅडम. सत्त्याऐंशी सालच्या मे महिन्यात मी एमडी मेडिसिनच्या दुसऱ्या वर्षाला होते. पावसानं दोन वर्षं नुसतं तोंड दाखवून हात वर केले होते. टँकरच्या पाण्यानं पोट बिघडलेली आणि उन्हानं आडवी झालेली माणसं बघून मी कंटाळून गेले होते. अशात एका सकाळी नऊच्या सुमाराला दुधाच्या टेम्पोतून आश्रुबाला आणलं.

आश्रुबाला मी ओळखत होते. घाटनांदूरच्या पलीकडं आमची वाडी, तिथलाच तो. वय पस्तीस, हाडापेरानं भक्कम. माझा बाप कचरू, आमचा आबा, विहिरी खोदणाऱ्या टोळीचा मुकादम. आश्रुबा त्याच टोळीत. आज त्याला आडवं होता येत नव्हतं. तो बसून दम घेत होता, ओठ जांभळे पडले होते आणि तोंडाला गुलाबी फेस येत होता. वाटेतल्या कुणा डॉक्टरनं इंजेक्शन देऊन चिठ्ठी लिहिली होती: हृदयविकाराचा झटका.

आम्ही ऑक्सिजन लावला, ईसीजी काढला, छातीचा एक्स-रे फोटो काढला. फोटो ओलाच होता, तो आमच्या सरांनी खिडकीच्या उजेडात धरला. दोन्ही फुप्फुसं चुना फासल्यासारखी पांढरी.

"पाणी भरलंय," सर म्हणाले. "हार्टचंच दिसतं."

"सर, पण हार्ट बघा ना."

हृदय हरलं की फुप्फुसात पाणी तुंबतं, हे खरं. पण मग हृदय फुगलेलं दिसतं, मानेची शीर टरारते, पाय सुजतात. इथं हृदयाची सावली आपल्या जागी आटोपशीर बसली होती. ईसीजी साफ. पायावर सूज नाही, ताप नाही, दम्याची जुनी तक्रार नाही. सरांचं एक चांगलं होतं, शिकाऊ माणसानं बोट दाखवलं तरी ते बघायचे. त्यांनी पुन्हा फोटो धरला आणि म्हणाले, "मग पाणी आलं कुठून?"

"फुप्फुसालाच काहीतरी लागलंय, सर. आतून."

"कशानं, ते शोध. नाव कळल्याशिवाय औषध काय देणार?"

आश्रुबाची बायको केसरबाई व्हरांड्यात उकिडवी बसली होती. मी तिच्यापुढं बसले.

"काल दिवसभर कुठं होते?"

"कुठं म्हंजे, ताई? सोसायटीच्या विहिरीवर. सांजच्याला आले, भाकर खाल्ली. घसा खवखवतोय म्हणले. पहाटं उठले ते हे असे."

ही विहीर म्हणजे आमच्या वाडीचं त्या वर्षीचं मोठं काम. वाडीनं थंडीतच पाणीपुरवठ्याची सहकारी सोसायटी काढली होती, मोहनराव तिचे चेअरमन. ज्याच्याकडं जे असेल ते त्यानं द्यायचं. कुणी जागा दिली, कुणी बैल, बाकीच्यांनी अंगमेहनत. माझ्या बापानं कामाला हात लावण्याआधी एकच अट घातली होती: गाव आणि आमची बौद्धवस्ती, दोघांच्या घागरी एकाच काठावरून भरायच्या, आणि हे सोसायटीच्या नियमात लिहायचं. मोहनरावांनी चार दिवस डोकं खाजवलं आणि लिहिलं. तेव्हापासून ती विहीर म्हणजे आबाचा जीव की प्राण. मला मुलगी म्हणून कधी जेवढं विचारलं नसेल तेवढं तो त्या खड्ड्याला विचारायचा.

"काल सुरुंग उडवला का?"

"पाच वाजता. कांड्या ओलसर निघाल्या म्हणत होते. धूर तांबडा आला."

तांबडा धूर ऐकून माझ्या डोक्यात काहीतरी हललं. मी आत गेले, केसरबाई मागोमाग आली. मी आश्रुबाच्या कानाशी वाकले.

"आश्रुबा, कंदील जळत होता का?"

त्यानं मान हलवली. होय.

आता कंदिलाचं सांगायला पाहिजे. सुरुंग उडाला, धूळ बसली की आबाची टोळी दोराला कंदील बांधून विहिरीत सोडायची. कंदील विझला तर खाली हवा वाईट, थांबायचं. जळत राहिला तर हवा चांगली. मग मुकादम एकटा उतरायचा. तळावर पाय आपटायचा, इकडं तिकडं बघायचा आणि खालून हाक द्यायचा, "या." मुकादमाचा पहिला पाय पडल्याशिवाय दुसऱ्या कुणाचा पाय पडायचा नाही. ही रीत मी लहानपणी काठावर बसून शंभर वेळा बघितली होती. तीस वर्षांत आबानं एक माणूस गमावला नव्हता आणि हे तो येताजाता सगळ्यांना ऐकवायचा.

पण कंदील फक्त एवढंच सांगतो की खाली जळायला हवा आहे. ओल्या कांड्या अर्धवट उडाल्या की तांबडा, तिखट वायू निघतो. तो हवेपेक्षा जड, तळाशी बसून राहतो. त्यात कंदील खुशाल जळतो. माणूसही खुशाल काम करतो, घसा जरासा चुरचुरतो इतकंच. घरी जातो, जेवतो. आत मात्र त्या वायूचं ओल्या जागी आम्ल झालेलं असतं आणि ते फुप्फुसाच्या पिशव्यांची नाजूक भिंत जाळत बसतं. दहा-वीस तासांनी भिंत गळायला लागते. पॅथॉलॉजीच्या बाईंनी आम्हाला अशी एक काच सूक्ष्मदर्शकाखाली दाखवली होती. तापल्या दुधावर साय धरावी तसा प्रत्येक पिशवीला आतून गुलाबी पापुद्रा. बाई म्हणाल्या होत्या, बाहेर ढीगभर हवा असू दे, ही साय ती रक्तापर्यंत जाऊ देत नाही.

"आश्रुबा, तुमच्याबरोबर खाली कोण होतं?"

त्यानं दोन बोटं वर केली. मी मास्क जरा बाजूला केला.

"बंकट," तो म्हणाला. मग खोकला आला आणि दुसरं नाव राहून गेलं. मी मास्क परत बसवला.

दुसरं नाव मला सांगायची गरज नव्हती. कंदील जळत होता, म्हणजे पहिला पाय पडला होता.

मी सरांकडं गेले. सरांनी सगळं ऐकलं, घड्याळ बघितलं. काल पाचपासून सतरा तास झाले होते.

"आश्रुबाला स्टिरॉइड सुरू करतो. तू त्या दोघांना घेऊन ये. हिंडत-फिरत असले तरी आण. आणि त्यांना पाऊलभर चालू देऊ नको, श्रम झाले की पाणी भराभर चढतं."

दवाखान्याची जीप कुठं तरी गेली होती. मी ज्या टेम्पोतून आश्रुबा आला त्याच टेम्पोत ऑक्सिजनचं नळकांडं चढवलं आणि कॅनच्या दोरीनं बांधलं. ड्रायव्हर सटवा कुरकुरला, "ताई, दुपारचं दूध गोळा करायचं हाय."

"जनावरांना वैरण नाही, दूध कुठून गोळा करतोस? चल."

साडेबाराला आम्ही विहिरीवर पोचलो. उन्हानं जमीन भाजून निघत होती. मोहनराव लिंबाखाली बाजेवर बसले होते, टोळी भाकरी सोडून बसली होती आणि आबा डबराच्या ढिगावर एकटाच. त्याच्या हातात सुरुंगाची वात होती. आबा असा नुसता बसलेला मी कधी बघितला नव्हता. त्याची भाकरी तशीच फडक्यात होती.

"आश्रुबा कसा हाय?" त्यानं विचारलं.

"वाईट आहे. हार्ट नाही, विहिरीतल्या धुरानं झालंय. आबा, काल त्याच्यासंगं कोण उतरलं होतं?"

"बंकट."

"आणि?"

"आणि कोन? बास."

"मग पहिला पाय कुणाचा?"

बंकट पायाच्या अंगठ्यानं माती उकरायला लागला. आबा वातीकडं बघत म्हणाला, "काल गुडघा धरला हुता. म्हणून बंकटाला पहिला सोडला."

माझा बाप माझ्याशी खोटं बोलत होता, आणि तेही चारचौघांत, तोंडावर. माझं डोकं भणाणलं. पण ओरडून काही होणार नव्हतं, कारण आमच्या घरात ओरडण्याची शिकवणी त्याच्याकडूनच झालेली.

मोहनराव बाजेवरून उठून आले. माणूस वाईट नव्हता, पाण्यासाठी उतावळा झाला होता. "डाक्टरीणबाई, कंदील जळत हुता की. आमी समद्यांनी बघितला. हवा खराब असती तर इझला नसता का?"

"कंदिलाला फुप्फुस नसतं, मोहनराव."

मी त्यांना त्या तांबड्या वायूचं सांगितलं. आश्रुबाही काल रात्री भाकरी खाऊन झोपला होता, हेही सांगितलं. ऐकता ऐकता दोघाचौघांनी आपापल्या छातीवर हात ठेवला. आबानं ठेवला नाही.

"बंकट, एक दम घे आणि त्या दमात जेवढे आकडे मोजता येतील तेवढे मोज. मोठ्यानं."

बंकट छत्तिसापर्यंत गेला. त्याला जरा बरं वाटलं असावं, त्यानं इकडंतिकडं बघितलं.

"आता तुम्ही, आबा."

"मला काय झालंय?"

"मोजा."

तो अकरावर थांबला. बाराला तोंड उघडलं पण आवाज आला नाही.

"वय झालं, पोरी."

"गेल्या रविवारी मी घरी आले तेव्हा आईला मळ्यातून हाक मारलीत ती वस्तीवर ऐकू आली. आठ दिवसांत वय झालं?"

"तू बंकटाला घिऊन जा," तो म्हणाला. एवढं बोलताना तो मध्ये एकदा थांबला. "छिद्रं भरून झाल्यात. तीनचा सुरुंग हाय. झरा दोन हातावर आलाय. मी गेलो तर वात कोन लावील?"

बंकटला मी सटवाबरोबर टेम्पोत बसवला. आता बापाचं काय करायचं? उचलून न्यावं तर टोळीतल्या एकाचीही मुकादमाला हात लावायची छाती नव्हती. विनवणी करावी तर तो तिचाही मान ठेवणारा नव्हता. मला शिकायला पाठवताना भावकीनं केलेल्या विनवण्याही त्यानं अशाच बसून ऐकल्या होत्या. माझ्या हातात एकच गोष्ट राहिली होती, ती म्हणजे त्याची रीत.

मी अंगावरचा पांढरा कोट काढून बाजेवर टाकला आणि पदर कमरेला खोचला.

"लावा मग वात. आत्ता लावा, तीनची वाट कशाला? धूळ बसली की कंदील सोडा. कंदील जळाला की पहिला पाय माझा."

"येडी झालीस का?"

"मुकादमाचा गुडघा धरलाय. मग मुकादमाच्या घरचं कुणी उतरायला नको का?"

मोहनराव मध्ये आले, "बाई, असं करू नका." मी त्यांच्याकडं बघितलं नाही. डबर वर ओढायच्या यारीचा दोर विहिरीत लोंबत होता, त्याच्या फासात मी एक पाय घातला आणि दोन्ही हातांनी दोर धरला. खाली चाळीस हात खोल खडक होता. मला भीती वाटत होती, हे खोटं कशाला बोलू. पण आबानं वात लावली असती तर मी उतरले असते, हेही तितकंच खरं, आणि तो मला ओळखून होता.

"तुमचा कंदील खरा आहे ना?" मी म्हटलं. "तीस वर्षं खरा आहे. मग पोरीला काय होतंय? लावा."

आबा ढिगावरून उठला. दोन पावलं आला आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला. त्याचे खांदे श्वासाबरोबर वरखाली होत होते. टोळीला ते आता दिसलं.

"उतरू नको," तो म्हणाला.

"कावून?" मी त्याच्याच भाषेत विचारलं. "कावून उतरू नको, आबा?"

त्यानं वात खाली टाकली.

"घसा लई जळतो तिथं," तो म्हणाला. "मी उतरलतो. पहिला मीच उतरलतो. घसा जळला, पर वर कंदील जळत हुता. म्हणलं जळू दे घसा. अन् आश्रुबाला हाक दिली. या म्हणलं." त्याला धाप लागली. थोडं थांबून तो म्हणाला, "मी उतरलो म्हणायचं तर हे बी सांगावं लागतं."

मी दोरातून पाय काढला. आबाला चौघांनी बाजेवर घातलं आणि बाज तशीच टेम्पोत चढवली. मोहनरावांनी स्वतः बाजेचा एक पाय धरला होता.

घाटनांदूर मागं पडलं तेव्हा त्याला खोकला सुरू झाला. दवाखान्यात आलो तेव्हा तो मिनिटाला चाळीस श्वास घेत होता आणि फोटोत दोन्ही फुप्फुसांची खालची अंगं पांढरी झाली होती. सरांनी फोटो बघून मान हलवली आणि मला खुर्ची दिली. वॉर्डात आश्रुबा एका खाटेवर आणि आबा त्याच्या समोरच्या खाटेवर. दोघांत सहा हातांचं अंतर असेल, पण आबानं तिकडं तोंड केलं नाही.

आश्रुबा दुसऱ्या दिवशी दुपारी गेला. तो त्या तळावर दोन तास डबर भरत होता. आबा हाक देऊन थोड्याच वेळात वर आला होता. बंकट सगळ्यात शेवटी उतरला, अर्ध्या तासात वर आला आणि त्याला काहीही झालं नाही. तीन दिवस तो दवाखान्याचं जेवण जेवून, दूध कमी आहे म्हणून भांडून घरी गेला.

शवविच्छेदनासाठी मी केसरबाईला विचारलं. वाटलं, नाही म्हणेल. ती म्हणाली, "कशानं मेले ते बघाच. न्हाईतर उद्या दुसरं कुनी जाईल." फुप्फुसं भिजल्या पोत्यासारखी जड निघाली, दोन्ही मिळून नेहमीच्या दुपटीहून जास्त. हृदय धडधाकट. चार दिवसांनी काच तयार झाली. तीच साय, प्रत्येक पिशवीला. मी ती काच बराच वेळ बघत बसले, आणि समोरच्या वॉर्डात जो माणूस दम घेत होता त्याच्या आतही हेच आहे, हे डोक्यातून जाईना. त्या दिवशी मी प्रयोगशाळेत रडले, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

आबा नऊ दिवस ऑक्सिजनवर होता. दहाव्या दिवशी मास्क काढला. आई त्याला पेज भरवत होती आणि मी नाडी बघत होते, तेवढ्यात केसरबाई आली. कपाळ मोकळं होतं. आबानं पेजेची वाटी बाजूला सारली.

"केसर, त्याला मीच खाली बोलवलं."

"ठाऊक हाय मला," ती म्हणाली. "त्यांनी टेम्पोतच सांगितलं हुतं. मुकादमाचा घसा बी जळत असंल म्हणले."

मी मध्ये बोलले, "मग मी विचारलं तेव्हा..."

"तुमी इचारलं तवा बंकटाचं नाव घेतलं. तुमच्या बापाचं नाव तुमच्या तोंडावर घ्यायला त्यांना जमलं न्हाई. माझ्याकडं बघून डोळ्यानं नको म्हणले. मी बी मग गप बसले." ती आबाकडं वळली. "मरता मरता माझ्या माणसानं तुमचं नाव दडवलं, अन् तुमी बी दडवत बसला. दोघांनी मिळून ह्या पोरीला दोरात पाय घालायला लावला. मला बोलायचं तर बोला, पर मला बोलून काय उपेग? समद्या वाडीपुढं बोला."

आबानं तिच्याकडं बघितलं. त्यानं मान हलवली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात सोसायटीची सभा विहिरीच्या काठावरच भरली. सुरुंगाचं काम तेव्हापासून बंद होतं. आबाला बैलगाडीतून आणलं होतं, कारण शंभर पावलांनी त्याला बसावं लागायचं. ते पुढं जन्मभर तसंच राहिलं. मोहनराव म्हणाले, "कचरू, बसून बोल." आबा उभा राहिला. एका दमात बोलता येत नव्हतं, म्हणून तुटक तुटक बोलला. आपण पहिले उतरलो, घसा जळाला, तरी कंदिलावर भिस्त ठेवली आणि आश्रुबाला बोलावलं. तीस वर्षं आपण जे शहाणपण मिरवलं ते निम्मंच होतं. यापुढं सुरुंग उडाला की दुसऱ्या दिवशीच्या सकाळपर्यंत कुणी उतरायचं नाही, मुकादमानंही नाही, कंदील जळो की विझो. मध्ये तो तीनदा दम घ्यायला थांबला.

मोहनरावांनी नियम लिहून घेतला. मग कुणीतरी मागून म्हणालं, "लिवायला ठीक हाय. पर पाणी दोन हातावर दिसल्यावर सकाळपर्यंत कोन थांबतंय? राखण कोन करणार?"

आबानं तोंड उघडलं, पण त्याच्या आधी केसरबाई उठली.

"मी," ती म्हणाली. "सुरुंग उडाला की मी यारीचा दोर वर ओढून घिन अन् त्याच्यावर बसंन. सकाळ झाली की उठंन. ज्याला घाई हाय त्यानं माझ्याखालून दोर काढून दाखवावा."

दुसऱ्या दिवशी चार वाजता सुरुंग उडाला. केसरबाईनं दोर ओढला, त्याचं वेटोळं केलं आणि त्यावर मांडी घालून बसली. संध्याकाळी सातच्या सुमाराला मोहनराव येऊन म्हणाले, "वयनी, धूर तर गेला की." तिनं पदर डोक्यावर नीट घेतला आणि म्हणाली, "जाऊ द्या."